मी, तुमची आजी आणि बोंगो

चाळीस वर्षांत एका बँडमधून किती माणसं येऊन जावीत? मँचेस्टरच्या ‘द फॉल’चा हिशेब सहसा 66 वर नेऊन थांबवतात. त्यातली जवळपास एक तृतीयांश मंडळी वर्षभरसुद्धा टिकली नाहीत. कुणी वैतागून गेलं, कुणाला घालवलं, कुणी परदेश दौऱ्याच्या मधोमध बॅग उचलून विमानतळ गाठला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकला तो एकटा मार्क ई. स्मिथ. शब्द त्याचे, आवाज त्याचा, माणसं नेमणारा तोच आणि काढणाराही तोच. त्याचं एक वाक्य फॉलच्या चाहत्यांत म्हणीसारखं फिरतं: मी आणि बोंगो वाजवायला तुमची आजी एवढेच उरलो, तरी तो फॉलच.

वाक्य झकास आहे. पण मला ते कधीच पटलेलं नाही. या बँडचं जे काही वर्षानुवर्षं कानात राहिलंय, त्यातलं निम्मं स्मिथचं नाहीच, असं माझं मत होत चाललंय.

हा बँड माझ्या वाट्याला आला तो कामाच्या वाटेने. मी न्हावा शेव्याच्या मालाचे कागद करणाऱ्या एका सीएचएच्या, म्हणजे कस्टम हाउस एजंटच्या, ऑफिसात काम करते. बिल ऑफ एंट्री, शिपिंग बिल, मॅनिफेस्टमधल्या चुका, ट्रेलर कुठे अडकला याचे फोन. एका मित्राने पाठवलेल्या गाण्यांत ‘द कंटेनर ड्रायव्हर्स’ नावाचं एक होतं, 1980 च्या ‘ग्रोटेस्क’ या अल्बममधलं. नाव बघून हसू आलं म्हणून लावलं. धडाधड पळणारं, ट्रकच्या इंजिनासारखं थरथरणारं गाणं. त्यात करड्या रंगाची बंदरं आहेत आणि कस्टमवाल्यांना सणसणीत शिवी आहे. हे लिहिणाऱ्याने बंदरावर नोकरी केलेली असणार, असं मला तिथल्या तिथे वाटलं. बाहेरून बघून कुणी असं लिहीत नाही.

आणि होतंच तसं. स्मिथ 1957 चा, सॅलफर्डमध्ये जन्मलेला, शेजारच्या प्रेस्टविचमध्ये वाढलेला. बाप प्लंबर, पाठीवर तीन बहिणी. सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि पुढे मँचेस्टरच्या गोदीत शिपिंग क्लार्क म्हणून लागला. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या शहराला गोदी कशी, असा प्रश्न पडला तर त्याचं उत्तर कापसात आहे. लिव्हरपूलच्या बंदराला पैसे मोजायला नकोत म्हणून मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी 58 किलोमीटरचा कालवा खोदून घेतला आणि 1894 पासून जहाजं थेट शहराच्या दारात येऊ लागली. त्या पट्ट्यातली यंत्रं मुंबईच्या गिरण्यांतही आली होती, ते आपल्याला ठाऊक आहे. पुढे कंटेनर आले, जहाजं कालव्यात मावेनात, आणि 1982 मध्ये गोदी बंद झाली. गिरणगावातला संपही त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाला. यातून काही सिद्ध करायचं नाही, पण तारीख वाचून मी क्षणभर थांबले हे खरं. तर कंटेनर ड्रायव्हरांवरचं ते गाणं लिहिलं गेलं तेव्हा स्मिथचं जुनं कामाचं ठिकाण शेवटचे आचके देत होतं आणि त्याचा जीव घेणारी पेटी हाच गाण्याचा विषय होता. गाण्यात मात्र हळहळ शोधून सापडत नाही. असली रडगाणी त्याला जमायची नाहीत.

बँडच्या जन्माची कथा मँचेस्टरच्या सगळ्याच बँडांची आहे. 4 जून 1976 ला लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम झाला. हॉल रिकामाच होता म्हणायचा, पण आलेल्या मूठभर लोकांतून पुढे निम्म्या शहराचं संगीत निघालं. कार्यक्रम ठेवणाऱ्यांचा ‘बझकॉक्स’ झाला, प्रेक्षकांतल्या दोघांनी पुढे ‘जॉय डिव्हिजन’ काढला. (त्यांच्या पहिल्या अल्बमवरच्या पांढऱ्या लाटांचा टी-शर्ट आता एफसी रोडवरही मिळतो. घालणाऱ्यांपैकी किती जण गाणी ऐकतात, हे विचारायला जाऊ नये.) स्मिथच्या मनात आलं ते एवढंच, की आपली पोरं यांच्याइतकी वाईट तरी नाहीत. ही पोरं म्हणजे मार्टिन ब्राम्हा, टोनी फ्रील आणि ऊना बेन्स. ऊना प्रेस्टविचच्या प्रचंड मोठ्या मनोरुग्णालयात नर्सचं शिक्षण घेत होती आणि तिथलं जे काही ती घरी येऊन सांगायची, ते सुरुवातीच्या गाण्यांत झिरपलं. चौघं एकमेकांना कविता वाचून दाखवायचे, गोळ्या खायचे आणि पुस्तकांवर वाद घालायचे. बँडचं नाव फ्रेंच लेखक आल्बेर कामूच्या ‘द फॉल’ या कादंबरीवरून आलं, ते फ्रीलने सुचवलेलं. बँडला नाव देणारा हा गडी पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा बँडमध्ये उरलाही नव्हता!

फॉलचं संगीत पोस्ट-पंक या प्रकारातलं. पोस्ट-पंक म्हणजे काय, हे समजावत बसले तर लेख तिथेच आटपेल. पंकने दार लाथेने उघडलं. वाजवता येत नसलं तरी चालतं, हे सिद्ध केलं. त्यानंतर वर्षा-दीड वर्षात ते स्वतःच एक ठरावीक गणवेश होऊन बसलं. मग ज्यांना तो गणवेश नको होता, ते उघड्या दारातून आपापलं सामान घेऊन आत शिरले. लीड्सच्या ‘गँग ऑफ फोर’ने मार्क्स आणि फंक आणलं, लंडनच्या ‘वायर’ने गाणी तासून तासून मिनिटभरावर नेली. फॉलने आणलं ते पुनरावृत्तीचं तत्त्व. ‘रिपिटिशन’ नावाचं त्यांचं अगदी सुरुवातीचं गाणं म्हणजे जाहीरनामाच आहे: एकच गोष्ट पुन्हा वाजवा, पुन्हा वाजवा, आणि काही सुटणार नाही. 1978 च्या पहिल्या रेकॉर्डचं मुख्य गाणं बिंगोचे आकडे पुकारणाऱ्या माणसावर आहे. आकडे पुकारून पुकारून त्याचं डोकं फिरतं. रोजच्या कंटाळ्याने माणूस कसा मोडतो, हे त्या काळच्या कुठल्याही घोषणाबाज पंक गाण्यापेक्षा त्यात जास्त कळतं.

पहिला अल्बम, ‘लाइव्ह ॲट द विच ट्रायल्स’, 1979 चा. नावात ‘लाइव्ह’ असलं तरी तो स्टुडिओतला आहे. पाच दिवसांसाठी स्टुडिओ घेतला होता, पण स्मिथ आजारी पडला. मग सगळं एका दिवसात वाजवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मिक्सिंग. बाजारात आला तेव्हा त्यावर वाजवणाऱ्यांतली माणसं गळायला लागलीच होती. ब्राम्हा गेला. मूळ चौघांपैकी आता फक्त स्मिथ.

इथून खरी गोष्ट सुरू होते. रिकाम्या जागांवर जी पोरं आली ती पंचक्रोशीतलीच, फॉल ऐकत वाढलेली: गिटारवर क्रेग स्कॅनलन आणि मार्क रायली, बासवर स्टीव्ह हॅनली. पुढच्या वर्षी स्टीव्हचा धाकटा भाऊ पॉल ड्रमवर आला, तेव्हा तो शाळेत होता. 1981 मध्ये अमेरिकेचा दौरा ठरला आणि वय कमी पडल्यामुळे पॉलला जाता येईना. म्हणून आधी एकदा बँड सोडून गेलेल्या कार्ल बर्न्सला परत बोलावलं. दौरा संपला, पण बर्न्सला कुणी परत पाठवलं नाही. आता बँडमध्ये दोन ड्रमर झाले. एखाद्या ऑफिसात रजेवरच्या माणसाच्या जागी आलेला बदली माणूस तसाच खुर्चीवर राहावा, तसं हे झालं, आणि त्यातून त्या दशकातला सर्वांत भन्नाट आवाज निघाला.

तो आवाज ‘हेक्स एन्डक्शन आवर’ या 1982 च्या अल्बमवर आहे. नावाप्रमाणे साधारण तासभराचा. काही भाग इंग्लंडमधल्या हिचिन गावच्या एका बंद पडलेल्या सिनेमागृहात आणि काही चक्क आइसलंडमध्ये रेकॉर्ड केलेला. पांढऱ्या कव्हरवर स्मिथच्या हातची खरडाखरड आहे: अर्धवट वाक्यं, खाडाखोड, मध्येच मोठी अक्षरं. चार खात्यांतून फिरून आलेली फाइल दिसते तसं ते दिसतं, आणि गाण्यांचे शब्दही तसेच आहेत. संदर्भ गाळलेले, मध्येच कुणाचा तरी शेरा, मध्येच एक शिवी. एका ओळीचा दुसरीशी संबंध लावायचं काम ऐकणाऱ्याकडे.

‘हिप प्रीस्ट’ हे त्यातलं गाणं मला फार आवडतं. पावणेआठ मिनिटांचं आहे आणि त्यातली बरीचशी मिनिटं जवळपास काहीच घडत नाही. ड्रम कुजबुजतात. गिटार कुठेतरी लांब एखादा ओरखडा काढून गप्प बसते. हॅनलीचा बास मात्र थोड्याशा सुरांत अंधाऱ्या घरात कुणी चालावं तसा येरझाऱ्या घालतो. पाऊल टाकतो, थांबतो, परत टाकतो. त्याच्यावर स्मिथ तक्रार करतोय, की या थोर पुरोहिताची लोकांना कदर नाही. त्याचा आवाज मध्येच किनरा होतो, चिरकतो. अचानक सगळे मिळून तुटून पडतात, आणि ते कान सावरेपर्यंत ओसरलेलं असतं. पुन्हा बासच्या येरझाऱ्या. स्मिथ बाजूला काढला तरी हे गाणं घाबरवेल. बास काढला तर उरेल तो एक चिडका माणूस. पुढे 1991 मध्ये ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ या सिनेमाच्या शेवटाकडे, तळघरातल्या खुन्याच्या प्रसंगात हेच गाणं वापरलं, ते उगीच नाही.

आइसलंडमध्येच केलेल्या ‘आइसलंड’ या गाण्यात सुरुवातीला वारा ऐकू येतो. हॉटेलच्या खोलीवर आदळणारा वारा स्मिथने कॅसेटवर धरून आणला होता. तो काय गाणार आहे, हे बाकीच्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी एक साधी चाल धरली, त्याने टेप चालू केला आणि बोलायला लागला. ही हिंमत त्याची होती, ते मान्यच करायला हवं. पण पुढे काय येणार हे माहीत नसताना शांतपणे चाल धरून ठेवणं, याला काय म्हणायचं? श्रेयाच्या यादीत त्याला नाव नसतं.

गंमत म्हणजे स्मिथला हे कळत होतं. 1983 च्या सुमारास हॅनलीबद्दल त्याने म्हटलंय, की याला काय वाजव ते सांगावं लागत नाही, त्याला आपोआप कळतं. फॉलचा आवाज म्हणजे हाच. आजीवाल्या वाक्याशेजारी हे ठेवून बघा. एकाच तोंडातून आलेली दोन विधानं, आणि लोकांनी उचललं ते पहिलं.

ऐंशीचं दशक भराभर सांगते, कारण फॉलच्या इतिहासातला हा भाग सगळे लिहितात. रायलीला 1983 च्या सुरुवातीला काढलं. तो पुढे बीबीसी रेडिओवरचा लाडका निवेदक झाला, म्हणजे त्याचं काही बिघडलं नाही. त्याच वर्षी शिकागोमध्ये स्मिथला ब्रिक्स नावाची अमेरिकन तरुणी भेटली, काही महिन्यांत लग्न झालं आणि ती गिटार घेऊन बँडमध्ये आली. तिने चालींना गोडवा दिला, सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री आली. 1984 आणि 1985 चे अल्बम अनेकांच्या मते शिखर आहेत. मध्ये मोटाउन या काळ्या कलावंतांच्या संगीतासाठी गाजलेल्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या ब्रिटिश शाखेशी बोलणी चालली होती. त्यांनी नमुना म्हणून आधीचं काहीतरी ऐकायला मागितलं, आणि त्यांच्या हाती पडला ‘हेक्स’. त्याच्या पहिल्याच गाण्यात काळ्या लोकांसाठीची शिवी आहे. बोलणी संपली. ही गोष्ट स्मिथ मोठ्या चवीने सांगायचा. मला त्यात चव घेण्यासारखं काही दिसत नाही. शिवी उपरोधाने आलीय, हा बचाव मी वाचलाय, पण मोटाउनमधल्या माणसाने तो का ऐकून घ्यावा?

आणि 1988 मध्ये बॅले! नर्तक मायकेल क्लार्कच्या कंपनीसाठी फॉलने इंग्लंडचा राजा तिसऱ्या विल्यमच्या राज्यारोहणाच्या त्रिशताब्दीवर संगीत केलं. लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये नर्तक नाचतायत, मागे हा बँड वाजतोय आणि ब्रिक्स एका प्रचंड हॅम्बर्गरवर बसून गिटार वाजवतेय. गोदीतल्या कारकुनाने इथवर मजल मारली होती, पण चेहरा तोच, वैतागलेला.

या सगळ्या काळात त्यांना रेडिओवर धरून ठेवलं ते जॉन पील या निवेदकाने. 1978 ते 2004 या काळात फॉलने त्याच्या बीबीसीवरच्या कार्यक्रमासाठी 24 सेशन्स केली, इतकी दुसऱ्या कुणाचीच नाहीत. ते नेहमी वेगळे असतात आणि नेहमी तेच असतात, असं पील म्हणायचा. या सेशन्सचा सहा सीड्यांचा संच निघालेला आहे. फॉल ऐकायला कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर मी तिकडेच बोट दाखवते, कारण तिथे माणसं बदलताना ऐकू येतात. ड्रमचा हात बदलला की गाण्याची चाल बदलते. 1979 पासून पुढची जवळपास एकोणीस वर्षं एकच गोष्ट बदलत नाही, आणि ती म्हणजे बास.

ती एकोणीस वर्षं एप्रिल 1998 मध्ये संपली. न्यूयॉर्कच्या ‘ब्राउनीज’ नावाच्या क्लबात, प्रेक्षकांसमोर, बँडमध्ये हाणामारी झाली. स्मिथला तेव्हा दारूने पुरतं पोखरलं होतं. दुसऱ्याच्या ॲम्प्लिफायरची बटणं फिरवणं, वाजवणाऱ्याच्या हातातलं काढून घेणं, माइक आपटणं, हे रोजचंच. चाहते याला नाट्य म्हणायचे. त्या कार्यक्रमानंतर हॉटेलात कीबोर्ड वाजवणाऱ्या ज्युलिया नेगलवर हात टाकल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. ती त्या काळात त्याची जोडीदारही होती. हॅनली, बर्न्स आणि गिटारवाला टॉमी क्रुक्स घरी निघून गेले. शंभराहून अधिक गाण्यांवर सहसंगीतकार म्हणून नाव असलेला हॅनली पुढे एका शाळेत केअरटेकर म्हणून नोकरीला लागला.

‘वेडा कलावंत’ हा साचा आपल्याकडेही फार लाडका आहे. त्याने दारू प्यावी, माणसं तोडावीत आणि आपण कौतुकाने किस्से सांगावेत. स्मिथचे किस्से तर पोत्याने आहेत. सॅलड खाल्लं म्हणून एका साउंड इंजिनिअरला घरी पाठवलं, असंही सांगतात. तो स्वतःला फुटबॉलच्या मॅनेजरसारखा समजायचा. गोल होत नसेल तर खेळाडू बदला, त्यात वाईट वाटून घ्यायचं काय? पण फुटबॉलच्या खेळाडूला करार असतो. ‘द गार्डियन’मध्ये लिहिणाऱ्या डेव्ह सिम्पसनने या माजी मंडळींना एकेक करून शोधून काढलं आणि 2008 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातली नवलाची गोष्ट ही, की त्रास भोगलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ते दिवस आयुष्यातले सर्वोत्तम वाटतात. याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. वाईट साहेबाच्या हाताखाली चांगलं काम झाल्याची आठवण असलेले लोक माझ्या ओळखीतही आहेत, आणि तेही असंच बोलतात.

न्यूयॉर्कनंतर बँड संपेल असं वाटलं होतं. महिना उलटायच्या आत स्मिथ नव्या माणसांसह लंडनमध्ये स्टेजवर होता. 2006 मध्ये अमेरिकेतच पुन्हा तेच घडलं. फीनिक्समधल्या कार्यक्रमात सोबतच्या बँडमधल्या एकाने त्याच्यावर केळ्याची साल फेकली, त्यानंतर त्याची तीन माणसं दौरा टाकून परतली, आणि कॅलिफोर्नियातल्या अनोळखी वादकांना घेऊन त्याने उरलेले कार्यक्रम केले. पुढचा अल्बमही त्यांच्याबरोबरच झाला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आणि कौतुक दोन्ही एकदम आलं.

एक प्रसंग मात्र निखळ मजेचा. 2005 च्या नोव्हेंबरात बीबीसीवर शनिवारचे फुटबॉलचे निकाल वाचायला स्मिथला बोलावलं, कारण त्या कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत फॉलचं होतं. इंग्लंडमध्ये हे निकाल वाचण्याचा एक ठरलेला सूर आहे. कोणता संघ हरला ते वाचणाऱ्याच्या आवाजाच्या चढ-उतारावरूनच कळतं. स्मिथने ते आपल्या पद्धतीने, शब्दांच्या शेपट्या ओढत, हेल काढत वाचले. बिंगोचे आकडे पुकारणाऱ्यावर गाणं लिहिणारा माणूस देशाला आकडे वाचून दाखवत होता. काही वर्षांनी बीबीसीने आपला मोठा कारभार सॅलफर्डला हलवला, तोही त्या बंद पडलेल्या गोदीच्या जागेवर.

शेवटचं दशक तुलनेने शांत गेलं. पीट ग्रीनवे, डेव्ह स्पर आणि कीरन मेलिंग हे तिघं दहा-बारा वर्षं टिकले, म्हणजे फॉलच्या मानाने पेन्शनला आले. गाणी जड, गुरगुरणारी झाली. शब्द कळेनासे झाले आणि त्याचं फारसं काही वाटेनासंही झालं. नोव्हेंबर 2017 मध्ये ग्लासगोला तो व्हीलचेअरवर बसून गायला. जानेवारी 2018 मध्ये, साठाव्या वर्षी, कर्करोगाने गेला. मागे तीसहून जास्त स्टुडिओ अल्बम.

आता गंमत बघा. 2023 मध्ये ‘हाउस ऑफ ऑल’ नावाच्या एका नव्या बँडचा अल्बम आला. गायला उभा आहे मार्टिन ब्राम्हा, 1979 मध्ये निघून गेलेला. बासवर स्टीव्ह हॅनली. ड्रमवर पॉल हॅनली आणि सायमन वुल्स्टनक्रॉफ्ट, म्हणजे पुन्हा दोन ड्रमर. गिटारवर ग्रीनवे. सगळे फॉलचे, पण वेगवेगळ्या काळातले. त्यातल्या काहींनी फॉलमध्ये कधी एकत्र वाजवलेलंही नव्हतं. स्मिथच्या कुटुंबाने जाहीर हरकत घेतली, की हे नावाचं भांडवल करणं आहे. कुटुंबाला वाटणं साहजिक आहे. पण नाव भांडवलाचं असेल तर ते जमवलं कुणी, हाही हिशेब एकदा व्हायला हवा.

मी तो अल्बम शब्दांकडे लक्ष न देता ऐकला, फक्त तळाकडे कान देऊन. ब्राम्हा स्मिथ नाही, तसं व्हायचा त्याचा प्रयत्नही नाही. काही ठिकाणी तो जरा जास्तच सुरात गातो. खाली मात्र बास येरझाऱ्या घालतोय, त्याच चालीने, त्याच अडेलतट्टूपणाने, आणि दोन ड्रमर त्याच्या दोन बाजूंना. लोकांना आवडलं असावं, कारण 2024 मध्ये त्यांनी दुसरा अल्बम काढला. त्याचं नाव ‘कंटिन्युअम’.